आयफोन एअर: वाकण्याचा वाद आणि लोकलमधला खिसा

आयफोन एअर हातात दिसला की मुंबईत कॅमेऱ्याची किंवा बॅटरीची चौकशी फार कमी लोक करतात. “अहो, हा वाकतो म्हणे?” हाच पहिला प्रश्न असतो, आणि विचारणारा उत्तरासाठी थांबतोच असे नाही, फोन मागून घ्यायचा, दोन्ही अंगठे मध्यभागी टेकवायचे आणि मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत हलकासा जोर देऊन बघायचा, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. ॲपलने ९ सप्टेंबर २०२५ रोजी हा फोन जाहीर केला आणि १९ सप्टेंबरला तो विक्रीस आला. ५.६ मिलिमीटर जाडी, १६५ ग्रॅम वजन, साडेसहा इंचांचा डिस्प्ले आणि २५६ जीबीसाठी १,१९,९०० रुपये किंमत, हे तपशील वाचल्यावर अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू लोकलच्या गर्दीत टिकेल का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. माझा आक्षेप प्रश्नाला नसून तो ज्या रीतीने सोडवला जातो त्या रीतीला आहे.

दोन्ही हातांनी धरून फोन मोडेपर्यंत वाकवणारी चित्रफीत एकाच गोष्टीचे मोजमाप करते: एका क्षणी, एका दिशेने, जास्तीत जास्त किती जोर सहन होतो. रोजच्या वापरात तसा जोर जवळजवळ कधीच पडत नाही. पडतो तो लहान जोर, पण पुन्हा पुन्हा; खिशात फोन ठेवून बसताना, उठताना, बुटाची नाडी बांधताना, आणि आपल्या शहरात विशेषतः तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली म्हणून अर्धे अंग टेकवताना. अशा जोराने फोन मोडत नाही आणि बहुधा वाकलेलाही दिसत नाही. तो किंचित लवतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणून लाखभर रुपये मोजण्यापूर्वी विचारायचे ते हे, की हजारो वेळा लवून सरळ झाल्यावर या फोनच्या आत काय बिघडेल. हे परीक्षण त्याच अंगाने केले आहे, आणि त्यासाठी आधी २०१४ मध्ये जाणे भाग आहे. कारण आजच्या वादातले जवळपास सगळे गैरसमज तेव्हाचेच आहेत.

आयफोन ६ आणि ६ प्लस १९ सप्टेंबर २०१४ रोजी परदेशात विक्रीस आले आणि १७ ऑक्टोबरला भारतात पोहोचले. त्याआधीचा आयफोन ५एस चार इंची आणि ७.६ मिलिमीटर जाड होता. ६ प्लस साडेपाच इंची आणि ७.१ मिलिमीटर जाड होता, म्हणजे लांबी-रुंदी बरीच वाढली आणि जाडी मात्र घटली. काही दिवसांतच खिशात ठेवलेले फोन वाकल्याची छायाचित्रे फिरू लागली, अनबॉक्स थेरपी या यूट्यूब वाहिनीवर लुईस हिल्सेंटेगर यांनी ६ प्लस नुसत्या हातांनी वाकवून दाखवला, आणि या प्रकरणाला ‘बेंडगेट’ हे नाव पडले. पहिल्या सहा दिवसांत केवळ नऊ ग्राहकांनी अशी तक्रार केल्याचे ॲपलने सांगितले आणि पत्रकारांना आपली चाचणीची जागा उघडून दाखवली. सुमारे १५,००० फोन तपासल्याचे तेव्हा सांगण्यात आले, आणि त्या चाचण्यांमध्ये मऊ व कठीण पृष्ठभागावर माणूस खिशात फोन ठेवून बसल्याची नक्कल करणारी चाचणीही होती. या गोंधळात सर्वांत मजेदार प्रसंग एलजीच्या फ्रान्स शाखेचा: आमचे फोन वाकत नाहीत, ते मुळातच वक्र असतात, असा टोमणा तिने ट्विटरवर मारला, पण तो संदेश आयफोनवरून पाठवला गेल्याचे त्याखालीच दिसत होते. ग्राहकांवर या सगळ्याचा फारसा परिणाम झाला नाही. पहिल्या तीन दिवसांतच दोन्ही मिळून एक कोटीहून अधिक फोन विकले गेले होते.

अमेरिकेतील कंझ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने त्या वेळी केलेली चाचणी आजही दाखला म्हणून दिली जाते. फोनची दोन्ही टोके आधारावर ठेवून यंत्राने मध्यभागी दाब द्यायचा, अशी ही पद्धत होती. आयफोन ६ आणि एचटीसी वन एम८ यांना ७० पौंडांवर, म्हणजे साधारण ३२ किलोंवर, कायमचा बाक आला. ६ प्लसला ९० पौंडांवर, म्हणजे सुमारे ४१ किलोंवर. एलजी जी३ आणि आयफोन ५ यांना १३० पौंडांवर, आणि सॅमसंग गॅलेक्सी नोट ३ ला १५० पौंडांवर. या आकड्यांवरून बहुतेकांनी असा निष्कर्ष काढला की ६ प्लस नोट ३ च्या मानाने नाजूक असला तरी लोक म्हणतात तितका नाही आणि धाकट्या ६ पेक्षा तर तो मजबूतच आहे. यंत्राने दिलेले आकडे खरेच होते. तरीही चार वर्षांनी अगदी उलटे चित्र समोर आले.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ग्राहक खटल्यात न्यायाधीश लुसी कोह यांच्या आदेशातून ॲपलच्या अंतर्गत चाचण्यांची माहिती उघड झाली. त्या चाचण्यांनुसार आयफोन ५एसच्या तुलनेत आयफोन ६ वाकण्याची शक्यता ३.३ पट आणि ६ प्लस वाकण्याची शक्यता ७.२ पट होती. म्हणजे यंत्राखाली जो अधिक ताकदवान ठरला, तोच कंपनीच्या हिशेबात वाकण्याच्या बाबतीत अधिक धोक्याचा होता. मला यात विसंगती दिसत नाही. मध्यभागी सारखा दाब देणारे यंत्र फोनचा सरासरी कणखरपणा सांगते. खिशातला जोर मध्यभागीच येतो असे नाही, लांब फोनवर तो तरफेसारखा काम करतो, आणि जिथे आवाजाच्या बटणांसाठी चौकटीला छिद्रे पाडलेली असतात तिथे तो एकवटतो. वाकलेल्या ६ प्लसच्या छायाचित्रांत बाक नेमका त्या बटणांपाशी दिसत असे, हे ज्यांनी ती पाहिली त्यांना आठवत असेल.

त्या खटल्याचा मूळ विषय बाकदेखील नव्हता. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन उघडून त्यांची रचना तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने एक दोष चव्हाट्यावर आणला: ६ आणि विशेषतः ६ प्लस फोनांच्या डिस्प्लेच्या वरच्या भागात करड्या रंगाचा लुकलुकणारा पट्टा दिसू लागे आणि नंतर स्पर्शाला प्रतिसाद मिळेनासा होई. कारण मदरबोर्डवरच्या टच आयसीमध्ये, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या चिपमध्ये, होते. फोन रोज थोडा थोडा लवत असल्याने त्या आयसीखालचे सोल्डरचे बारीक गोळे तडकत आणि जोडणी सुटत असे. बाहेरून पाहावे तर असे अनेक फोन अगदी सरळ असत. ॲपलने नोव्हेंबर २०१६ मध्ये ६ प्लससाठी १४९ डॉलर शुल्कात दुरुस्तीची योजना जाहीर केली, पण कारण देताना फोन कठीण पृष्ठभागावर अनेकदा पडल्याचा आणि नंतर त्यावर आणखी ताण आल्याचा उल्लेख केला; तर न्यायालयीन कागदपत्रांतून असे दिसले की मे २०१६ पासूनच त्या आयसीखाली आधारासाठी इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा, भराव घालण्यास सुरुवात झाली होती. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डाची कामे करणाऱ्या कारागिरांना हा आजार आणि त्यावरचा ‘रीबॉल’ नावाचा, म्हणजे सोल्डरचे गोळे नव्याने बसवण्याचा, इलाज चांगलाच परिचयाचा आहे. चौकट सरळ करणे त्यांना अवघड नाही. खरे काम बोर्डाचे असते, आणि बिलाचा आकडाही तिथेच वाढतो.

आता आयफोन एअरकडे वळू. पहिला मुद्दा धातूचा. कोणतीही पट्टी किती लवते हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. त्यामुळे बाकी सर्व समान मानले तर ७.१ मिलिमीटरवरून ५.६ मिलिमीटरवर येताना ताठपणा जवळपास निम्मा होतो. बाकी सर्व समान मात्र नाही. आयफोन ६ ची बॉडी ॲल्युमिनियमच्या ६००० श्रेणीतील मिश्रधातूची होती आणि पुढच्या वर्षी ६एससाठी अधिक कणखर ७००० श्रेणी घेतली गेली. एअरची चौकट ग्रेड ५ टायटॅनियमची आहे. हे टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण दीडपट अधिक ताठ असते, आणि त्याला कायमचा बाक येण्यासाठी ६००० श्रेणीतील सामान्य ॲल्युमिनियमच्या सुमारे चौपट ताण लागतो. या दोन आकड्यांतली तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यातून असे निघते की एअर हातात लवताना ६ प्लसपेक्षा फार वेगळा वाटणार नाही, कदाचित थोडा अधिकच लवेल, पण तो बराच जास्त लवून पूर्ववत सरळ होईल. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी आणि पत्र्याच्या डब्याचे झाकण यांत जो फरक असतो, तोच इथे आहे.

प्रत्यक्षातही हेच दिसले. ॲपलचे ग्रेग जॉसविॲक आणि जॉन टर्नस यांनी एका मुलाखतीत पत्रकाराच्या हाती फोन सोपवून तो वाकवून पाहायला सांगितले. फोन डोळ्यांना दिसेल इतका लवला आणि सोडताच सरळ झाला. जेरीरिगएव्हरीथिंग या वाहिनीचे झॅक नेल्सन फोन मोडून दाखवण्यासाठीच प्रसिद्ध आहेत, आणि २०१५ चा नेक्सस ६पी किंवा २०२२ चा वनप्लस १० प्रो त्यांच्या हातांत कसे मोडले हे अनेकांनी पाहिले आहे. एअर त्यांच्या हातांनी मोडला नाही. अखेर त्यांनी वजनकाट्याला जोडून तो खेचला, तेव्हा २१६ पौंडांपाशी, म्हणजे जवळपास ९८ किलोंवर, पुढची काच तडकली. त्यांची मांडणी कंझ्युमर रिपोर्ट्सच्या यंत्रासारखी नसल्याने हा आकडा ६ प्लसच्या ९० पौंडांशेजारी ठेवून जवळपास अडीच पटीचा हिशेब करणे बरोबर होणार नाही. पण एअर फार सहज वाकतो हा आरोप टिकत नाही, एवढे म्हणायला तो पुरेसा आहे.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या आत आहे, आणि तिची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली. एअरच्या पाठीवर वरच्या बाजूला कॅमेऱ्याचा जो आडवा उंचवटा आहे, त्यात केवळ कॅमेरा नाही. आयफिक्सिटने फोन उघडल्यावर दिसले की मदरबोर्डही त्याच उंचवट्यात बसवला आहे, आणि खालचा जवळजवळ सगळा भाग बॅटरीने व्यापला आहे. ही बॅटरी धातूच्या कवचात आहे. खिशात फोन ज्या मधल्या पट्ट्यात लवतो, तिथे आता सोल्डरच्या जोडण्या असलेला बोर्ड नाही. आणि जिथे बोर्ड आहे, तो भाग फोनमध्ये सर्वांत जाड, म्हणून सर्वांत कमी लवणारा आहे. ६ प्लसचा आजार ज्या रचनेतून आला तीच बदललेली आहे. ॲपलने बेंडगेटमधून काही शिकले असेल तर ते टायटॅनियमपेक्षा इथे अधिक दिसते, आणि जाहिरातीत त्याला फारशी जागा नाही, कारण बोर्ड कुठे बसवला हे सांगून फोन विकला जात नाही.

एक दुबळी जागा उरतेच. आयफिक्सिटने आतले सर्व भाग काढून नुसती चौकट वाकवली, तेव्हा ती वरच्या आणि खालच्या बाजूला, जिथे अँटेनासाठी धातूत प्लास्टिकचे तुकडे बसवले आहेत, तिथे मोडली. पूर्ण जोडलेल्या फोनमध्ये काच, बॅटरी आणि चौकट एकमेकांना आधार देतात, त्यामुळे रिकाम्या चौकटीवरून थेट निष्कर्ष काढू नये. मात्र पुढची काच किंवा बॅटरी बदलण्यासाठी फोन उघडला आणि गोंद नीट बसवला गेला नाही, तर हा परस्पर आधार कमी होईल, असे मानायला जागा आहे. इतक्या पातळ फोनची दुरुस्ती रस्त्यावरच्या टपरीत करून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मुंबईच्या वापराबद्दल. हा फोन मी डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रोजच्या प्रवासात, बहुतेक वेळ पँटच्या पुढच्या खिशात ठेवून वापरला आहे. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दर चौरस मीटरमागे १४ ते १६ प्रवासी असतात, असे रेल्वेच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते. त्या दाबात खिशातला फोन कुणाच्या तरी बॅगेच्या कडेला, बाकाच्या लोखंडी दांड्याला किंवा दरवाज्याजवळच्या खांबाला टेकतोच. माझ्या फोनच्या सपाटपणात आजवर काही फरक पडलेला नाही. काचेच्या टेबलावर डिस्प्ले खाली ठेवून मी तो पाहतो आणि चारही कोपरे टेकतात. मात्र ज्या आजाराची खरी भीती बाळगावी तो वर्ष-दोन वर्षे लवण्यानंतर दिसणारा आहे, ६ प्लसचा दोष जगजाहीर व्हायलाही जवळपास दोन वर्षे लागली होती, आणि म्हणून नव्याकोऱ्या फोनवरून दिलेला कोणाचाही निर्वाळा, माझाही, या बाबतीत अपुराच समजावा. बोर्डाच्या जागेमुळे माझा कल विश्वासाकडे आहे, इतकेच.

वापरताना एक गोष्ट मला अनपेक्षितपणे जाणवली. दोनशे ग्रॅमच्या पुढचा फोन खिशात टोचतो, म्हणून बसण्याआधी आपोआप तो हातात घेतला जातो; एअर इतका पातळ आणि हलका आहे की तो खिशात असल्याचे ध्यानातच राहत नाही, आणि त्याच्यावरच बसणे होते. फोन जितका सुखावह, तितका त्याच्यावर ताण अधिक, असा हा उलटा व्यवहार आहे. मागच्या खिशात तर तो ठेवूच नये. १५६ मिलिमीटर लांबीचा फोन मागच्या खिशातून अर्धवट बाहेर राहतो आणि बसताना त्याच्या खालच्या अर्ध्यावर सगळे वजन येते, तेव्हा टायटॅनियमचे कौतुक पुरे पडणार नाही. ज्या महिला फोन पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतात, त्यांच्या बाबतीत महिला डब्यातली गर्दी हेच काम करते. आणि दरवाज्यात उभे राहून फोन वापरणाऱ्यांना वाकण्याची चिंता करण्याचे मुळीच कारण नाही. रुळांलगत काठी घेऊन उभ्या असलेल्या फटका गँगला फोनच्या जाडीशी काही देणेघेणे नसते.

कव्हरबद्दल बाजारात एक समजूत आहे, ती मनीष मार्केटमधल्या विक्रेत्यांपासून मॉलमधल्या दुकानांपर्यंत सगळीकडे ऐकू येते: कव्हर घातले की फोन वाकत नाही. मऊ सिलिकॉनचे कव्हर पडण्याच्या धक्क्यापासून वाचवते. लवण्याला ते जवळजवळ काहीच विरोध करत नाही, कारण ते स्वतःच फोनपेक्षा कितीतरी अधिक लवचिक असते. ॲपलने एअरसाठी कडांना वेढणारा बंपर काढला आहे. तो कडांचे रक्षण करतो आणि पाठ मोकळी ठेवतो. त्यानेही वाकण्याच्या हिशेबात फार भर पडेल असे मला वाटत नाही, पण पाठीला हात लागावा म्हणूनच ज्यांनी हा फोन घेतला, त्यांना तो पटेल.

वाकण्याच्या वादाने दुसरे प्रश्न मात्र झाकले गेले. आयफोन १७ ची किंमत तितक्याच साठवणुकीसाठी ८२,९०० रुपये आहे, म्हणजे एअरपेक्षा ३७,००० रुपयांनी कमी. त्याची जाडी ७.९५ मिलिमीटर आणि वजन १७७ ग्रॅम आहे, म्हणजे एअरपेक्षा फक्त १२ ग्रॅम जास्त. एअरला मोठा डिस्प्ले आणि ए१९ प्रो चिप आहे, हे खरे. पण त्याच्या पाठीवर एकच कॅमेरा आहे, अल्ट्रावाइड नाही, म्हणून अगदी जवळून काढायची मॅक्रो छायाचित्रेही नाहीत, आणि खालच्या बाजूला स्पीकर नाही, जो आवाज आहे तो वरच्या इअरपीसमधूनच येतो. व्हिडिओ पाहण्याच्या मोजमापात एअरची बॅटरी २७ तास आणि १७ ची ३० तास चालते, असे ॲपलच सांगते. बदलापूर किंवा विरारहून येऊन-जाऊन दिवसाचे तीन-चार तास प्रवासात आणि त्यातले बरेचसे मोबाइल डेटावर घालवणाऱ्याला हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा वाटेल. त्यावर उपाय म्हणून ॲपल पाठीला चिकटणारी मॅगसेफ बॅटरी वेगळी विकते, आणि ती लावली की ज्या पातळपणासाठी एवढे पैसे मोजले तो संपतो. हा उपाय सुचवताना दुकानातल्या विक्रेत्यांना हसू कसे येत नाही, हे मला उमगलेले नाही.

उष्णतेचा मुद्दा थोडक्यात. टायटॅनियम वाकण्याला जितका चांगला विरोध करते, तितकेच ते उष्णता वाहून नेण्यात मागे आहे. ॲल्युमिनियमच्या मानाने त्याची वाहकता सुमारे तिसाव्या हिश्शाइतकीच असते. त्याच वर्षी आयफोन १७ प्रोसाठी ॲपलने टायटॅनियम सोडून पुन्हा ॲल्युमिनियमची बॉडी घेतली आणि आत व्हेपर चेंबर, म्हणजे द्रवाच्या वाफेने उष्णता पसरवणारी चपटी पेटी, बसवले, ते उष्णता नीट बाहेर जावी म्हणूनच. एअरमध्ये व्हेपर चेंबर नाही. मे महिन्यातल्या दुपारी मोटारीच्या काचेमागे नकाशा चालू ठेवून फोन वापरायचा असेल, तर धातूंची ही अदलाबदल ध्यानात ठेवावी.

सिमकार्डाची खाचही एअरमध्ये नाही. सर्व देशांत हा फोन केवळ ई-सिमवर चालतो. जिओ, एअरटेल आणि व्ही तिन्ही कंपन्या ही सोय देतात, त्यामुळे रोजच्या वापरात अडचण येण्याचे कारण नाही. पण फोन दुरुस्तीला गेला की जुन्या हँडसेटमध्ये कार्ड सरकवून बँकेचे ओटीपी मिळवण्याचा आपला नेहमीचा मार्ग बंद होतो. घरातल्या ज्येष्ठांचे बँक व्यवहार ज्यांच्या क्रमांकावर आहेत, त्यांनी हे आधीच ठरवून ठेवावे.

स्पर्धकांपैकी सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ एज एअरच्या काही महिने आधी, मे २०२५ मध्ये आला. ५.८ मिलिमीटर जाडी, १६३ ग्रॅम वजन, टायटॅनियमचीच चौकट, ६.७ इंचांचा डिस्प्ले आणि भारतात विक्रीस आला तेव्हा १,०९,९९९ रुपये किंमत. त्याला अल्ट्रावाइडसह दोन कॅमेरे आणि ३,९०० एमएएचची बॅटरी आहे. पातळ फोनच हवा आणि ॲपलचा आग्रह नसेल, तर पैशांच्या हिशेबात तो मला सरस वाटतो.

खरेदी कुठे करावी, यावर मला फारसे सांगायचे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये १८ एप्रिल २०२३ पासून ॲपलचे स्वतःचे दुकान आहे, आणि तिथे आयफोन १७ व एअर शेजारी शेजारी ठेवून हवा तितका वेळ हाताळता येतात. १२ ग्रॅमसाठी ३७,००० रुपये द्यायचे का, हे तिथे दहा मिनिटांत कळते. हमीबाबत मात्र गैरसमज नको. ॲपलच्या एक वर्षाच्या मर्यादित वॉरंटीत अपघाताने झालेले नुकसान बसत नाही, आणि बाक आलेला फोन सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर गेला की तो ‘फिजिकल डॅमेज’ या खात्यात जाण्याचीच शक्यता अधिक असते. अपघाती नुकसान हवे तर ॲपलकेअर प्लस वेगळे घ्यावे लागते आणि प्रत्येक दुरुस्तीला सेवाशुल्क भरावे लागते. एअर लोकलमध्ये खिशात वागवायचा असेल, तर हा खर्च मी किमतीतच धरून चालेन.

सेकंडहँड बाजारातही आता एअर मिळू लागले आहेत आणि तिथे ही सगळी चर्चा पुन्हा उपयोगाला येते, कारण आधीच्या मालकाने तो कोणत्या खिशात ठेवला होता हे कोणी सांगत नाही. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास दोन्ही काढायला लावावे, दुकानाच्या काचेच्या काउंटरवर फोन डिस्प्ले खाली करून ठेवावा, डोळा काउंटरच्या पातळीला आणून पलीकडून उजेड येऊ द्यावा, आणि लांब कडेखाली मधोमध किंवा कोपऱ्यांपाशी फट दिसते का ते पाहावे. पाठीवर ठेवून ही परीक्षा होत नाही. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे सरळ फोनही त्या बाजूने तिरपाच बसतो, आणि विक्रेता तो नेमका तसाच ठेवून दाखवत असेल, तर उलटा करायला सांगावे. त्यानंतर डिस्प्लेच्या चारही कडांवरून बोट फिरवून स्पर्श सगळीकडे उमटतो का ते पाहावे, आणि अँटेनाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांपाशी चौकटीवर केसासारखी चीर नाही ना, हे मोबाइलच्या टॉर्चखाली तपासून मगच पैशांची बोलणी सुरू करावीत.